इच्छेचा उगम मेंदूत: एका पेप्टाइडची पार्श्वभूमी

सोलापुरात ‘मर्दानी ताकदी’च्या जाहिराती भिंतींवर वाचतच आमच्या पिढ्या मोठ्या झाल्या. आता तीच भीती मोबाईलवर विकली जाते. ‘फक्त संशोधनासाठी’ असं लेबल लावलेल्या पेप्टाइडच्या (प्रथिनासारख्याच, पण लहान रेणूच्या) छोट्या कुप्या, आणि त्यांत वारंवार दिसणारं नाव पीटी-१४१, म्हणजेच लैंगिक इच्छा जागवणारं औषध ब्रेमेलॅनोटाइड.

हे औषध शोधायला कोणी निघालंच नव्हतं. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात मॅक हॅडली आणि व्हिक्टर हृबी त्वचेला रंग देणाऱ्या संप्रेरकावर काम करत होते. ऊन न लागता कातडी सावळी झाली, तर गोऱ्या लोकांचा त्वचेचा कर्करोग टळेल, ही आशा. पुढे त्या संप्रेरकाची कृत्रिम आवृत्ती, मेलॅनोटान-२, तयार झाली. हॅडलींनी ती स्वतःला टोचून घेतली, चुकून दुप्पट. मळमळ झाली आणि लिंगाची ताठरता तब्बल आठ तास टिकली. इटलीत फेरारी या संशोधकाने प्राण्यांच्या मेंदूत याच कुळातली संप्रेरकं सोडून असाच परिणाम आधी पाहिला होता, पण माणसाच्या बाबतीत हे नवीन होतं.

१९९८ साली आलेली व्हायग्रा रक्तवाहिन्या सैलावते. इच्छा जागवणं तिचं काम नाही. मेलॅनोटानपासून घडवलेलं ब्रेमेलॅनोटाइड मात्र मेंदूतल्या मेलॅनोकॉर्टिन रिसेप्टरवर, म्हणजे याच कुळातल्या संप्रेरकांचा संदेश घेणाऱ्या पेशींवरच्या जागांवर, काम करतं. आधी त्याचा नाकात मारायचा स्प्रे होता. रक्तदाब वाढतो म्हणून तो सोडावा लागला. शेवटी जून २०१९मध्ये अमेरिकेत पोटावर किंवा मांडीवर घ्यायच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. तीही पाळी न गेलेल्या, इच्छा मावळल्याचा त्रास होणाऱ्या स्त्रियांसाठी. पुरुषांसाठी नाही. आपल्याकडे बाईच्या इच्छेबद्दल घरात अवाक्षर निघत नाही, म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गुण किती? चाचण्यांत सुमारे २५ टक्के स्त्रियांची इच्छा जाणवण्याइतकी वाढली. औषध नसलेलं, नुसतं दिखाव्याचं इंजेक्शन घेतलेल्यांतही १७ टक्क्यांची वाढली. मळमळ ४० टक्क्यांना. म्हणजे फरक आहे, पण बेताचा. मन, नातं, थकवा, मधुमेह, चालू गोळ्या या सगळ्यांचा इच्छेवर परिणाम होतो, आणि त्यावर सुईचा उपाय नाही.

मोबाईलवर विकल्या जाणाऱ्या कुपीत नेमकं काय आहे याची हमी ‘फक्त संशोधनासाठी’ हे लेबल देत नाही. मान्यता मिळालेलं खरं औषधसुद्धा रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांना आणि हृदयविकार असलेल्यांना वर्ज्य आहे. सिव्हिलमध्ये मनोविकार विभागाची ओपीडी आहे. हा प्रश्न तिथे बिनदिक्कत विचारावा.