३६ मिलिमीटरचं भोक आणि रॅलीत न येणाऱ्या कंपन्या

संभाजीनगरला कुठली कंपनी येणार म्हटलं की टपरीवरचे पहिले प्रश्न ठरलेले, जागा किती, पाणी कुठून, सवलत किती वर्षं. टोयोटाने जुलै २०२४ मधे सरकारसोबत करार केला, तब्बल २० हजार कोटींचा, तेव्हापासून बिडकीनच्या एकरांचा हिशोब चहावाल्यालाही पाठ झालाय. ह्याच टोयोटाचा पैसा वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपमधेपण जातो, आणि तिथं मात्र उलटी बोंब आहे, प्लॉट रिकामे पडलेत आणि कंपन्या येईनात. २०२५ ला सगळ्यात वरच्या वर्गात, म्हणजे रॅली वनमधे, टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्डच्या नावाने गाड्या उतरवणारी इंग्लंडची एम-स्पोर्ट. बस, एवढेच.

ज्यांना रॅली माहिती नाही त्यांनी आपला शंकरपट आठवावा. जोडी पळते ती घड्याळाशी, शेजारच्या जोडीशी नाही, आणि निकाल सेकंदाच्या भागांवर लागतो. रॅलीतपण गाड्या एकेक करून सोडतात, कधी खडीचा रस्ता, कधी डांबर, कधी बर्फ, आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला माणूस पुढचं वळण वाचून सांगत असतो.

मग कंपन्या का येत नाहीत? पैसा कमी आहे असं नाही राव, माझं मत असं की गेटपास महाग आहे आणि आत गेल्यावर नियम कधी बदलेल ह्याचा भरवसा नाही. जुना हिशोब बगा. ८० च्या दशकात ग्रुप बी नावाचा गाड्यांचा वर्ग होता, २०० गाड्या बनवून दाखवा आणि या, म्हणून राक्षसी गाड्या आल्या, आणि १९८६ ला पोर्तुगालमधे अपघातात प्रेक्षकांचा जीव गेला, मग कॉर्सिकात ड्रायव्हर हेन्री तोइवोनेन आणि त्याचा जोडीदार सेर्जिओ क्रेस्टो यांचा आणि तो वर्गच बंद झाला. मग ग्रुप ए, त्यात सुरुवातीला १२ महिन्यांत ५,००० गाड्या बनवायची अट, पुढं ती २,५०० वर आणली. म्हणजे रॅलीसाठी टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) आणि फोर व्हील ड्राइव्हची गाडी आधी शोरूममधून विकायची, मग पळवायची! घराघरात चालणाऱ्या साध्या गाड्या विकणाऱ्या कंपनीने हे कशाला करायचं?

१९९७ ला 'वर्ल्ड रॅली कार' नियम आला आणि ही अट गेली, साधी गाडी घ्या, टर्बो आणि फोर व्हील ड्राइव्ह बसवा, तशी विकली नाही तरी चालेल. पुढच्या तीन-चार वर्षांत सिआट, स्कोडा, प्यूजो, ह्युंदाई सगळे आले. ह्युंदाईने तर अ‍ॅक्सेंट उतरवली, तीच आपल्याकडची घरोघरची अ‍ॅक्सेंट. आणि स्कोडाने ऑक्टाव्हिया, जी नंतर आपल्या शेंद्र्याच्या प्लांटमधे असेंबल व्हायची. इंजिन जादूचं झालं म्हणून काही हे लोक आले नव्हते, दार रुंद झालं म्हणून आले.

आता मुख्य गंमत, म्हणजे ते भोक. टर्बो इंजिनात हवा जाते त्या नळीत, टर्बोच्या आधी, एक अरुंद तोंड बसवायचं असा नियम आहे, त्याला रेस्ट्रिक्टर म्हणतात. रॅली वनला ते ३६ मिलिमीटरचं होतं, म्हणजे दहाच्या नाण्यापेक्षा एक तृतीयांशाने रुंद (तेच नाणं जे आपल्याकडचे दुकानदार घेत नाहीत). वाटतं काय, की टर्बो दणकट बसवला तर ह्याच भोकातून जास्त हवा ओढेल. नाही ओढत. विहिरीचं पाणी खाली गेलं की वरची मोटर कितीही एचपीची असू दे, ती पाणी उचलत नाही, ती खालीच उतरवावी लागते, कारण पाणी वर येतं ते हवेच्या दाबाने आणि तो दाब ठरलेला आहे. इथंपण तसंच, बाहेरची हवा आत ढकलली जाते ती वातावरणाच्या दाबानेच. त्यात भोकातल्या हवेचा वेग आवाजाच्या वेगाला टेकला, सेकंदाला साधारण ३१० मीटर, की विषयच संपला. मागे टर्बो जास्त ओढतोय ही 'खबर' हवेतून आवाजाच्याच वेगाने पुढं जाते, आणि समोरून हवा तेवढ्याच वेगाने येतीय, मग खबर पुढं पोचणार कशी? ३६ मिलिमीटरमधून सेकंदाला जास्तीत जास्त पाव किलोच्या आसपास हवा जाते, आणि हवा तेवढी तर इंधनपण तेवढंच जळणार.

म्हणून इंजिनची ताकद ३८० हॉर्सपॉवरच्या आसपास येऊन थांबते. खालच्या रॅली टू वर्गाला भोक ३२ मिलिमीटरचं, क्षेत्रफळ वीसेक टक्क्यांनी कमी, आणि ताकद २९० च्या आसपास. म्हणजे एका चकतीने सगळ्यांची ताकद बांधता येते आणि नव्या कंपनीला धीर येतो की समोरच्याने शंभर कोटी जास्त टाकले तरी हवा काय जास्त मिळणार नाही. मला तर हा मोटरस्पोर्टमधला सगळ्यात हुशार नियम वाटतो.

हुशार नियम म्हटला की हुशार चोरपण आलाच. १९९५ ला कॅटलुनिया रॅलीत टोयोटाच्या सेलिकात सापडलं की पाइपचा क्लॅम्प आवळला की आतल्या आत रेस्ट्रिक्टर साधारण ५ मिलिमीटर सरकायचा आणि बाजूने हवा घुसायची, आणि तपासायला खोललं की आपोआप जाग्यावर. टोयोटाला वर्षभर बाहेर काढलं, आणि गंमत म्हणजे नियम बनवणारी जागतिक संघटना एफआयए, तिचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनीच त्या जुगाडाच्या कारागिरीचं कौतुकपण केलं.

दुसरी अडचण भरवशाची. २०२२ ला हायब्रिड आणलं, १०० किलोवॅटची मोटर आणि ३.९ किलोवॅट-तासाची बॅटरी, सगळ्यांना एकाच सप्लायरचा तोच डबा, स्वतः उघडायचा नाही, बिघडला तर परत पाठवा, आणि अपघात झाल्यावर गाडीवर लाल दिवा असेल तर शॉकच्या भीतीने हातच लावायचा नाही. २०२४ च्या सुरुवातीला एफआयएवाले म्हणाले हायब्रिड काढू, जूनमधे म्हणाले नको, नियम आहेत तसेच ठेवू, आणि नोव्हेंबरला काढूनच टाकलं. गाडीचं किमान वजन १,२६० वरून १,१८० किलोवर आणि भोक ३६ वरून ३५ मिलिमीटर. एक मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं पण क्षेत्रफळ साडेपाच टक्क्यांनी कमी होतं. आता सांगा, वर्षभरात तीनदा धोरण फिरवलं तर कुठली कंपनी ऑर्डर देईल? आपल्या एमआयडीसीत असं झालं तर शेड उभं राहायच्या आधीच मालक परत जाईल.

२०२७ पासूनचा नियम मला बरा वाटतो. गाडीची किंमत ३ लाख ४५ हजार युरोच्या आत, युरो शंभर रुपयाला धरला तर साडेतीन कोटीच्या आसपास, रॅली वनच्या निम्म्याहून कमी. बरेच पार्ट रॅली टूचे. आणि सांगाडा स्टीलच्या पाइपांचा, वरून कातडं कुठल्याही आकाराचं चढवा, हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही, ठरलेल्या मापात बसलं की झालं. पाइपचा सांगाडा तसा २०२२ लाच आला होता, म्हणून तर फोर्डने फिएस्टा सोडून प्यूमा आणली. हे महत्त्वाचं आहे कारण लोक आता एसयूव्ही घेतात, आणि जी गाडी विकायचीच नाही ती रॅलीत पळवायला कुठला मार्केटिंगवाला पैसे देईल?

आणि मोठी कंपनीच पायजे असंपण नाही, स्वतंत्र गाडी बनवणाऱ्यालापण आता दार उघडं आहे. अर्थात १४-१४ रॅल्यांचा वर्षभराचा प्रवास, टायर, मेकॅनिक हा खर्च त्या साडेतीन कोटीत धरलेला नाही, आणि तो खरा खर्च आहे. तरी मी हे सगळं वाळूजला पाइप बेंडिंगचं शेड असलेल्या एका मित्राला सांगितलं. त्याने अर्धवट ऐकलं, रेस्ट्रिक्टरच्या वेळेला तर तो फोनवर होता, आणि शेवटी एवढंच म्हणाला, ड्रॉइंग असलं तर पाठव.