डॉक्टरांचा केसपेपर कुणाच्या हाती? : गोपनीय मदतसेवांची पार्श्वभूमी

डॉक्टर स्वतःच्याच रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला गेला, तर नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस त्याला ओळखतो. केसपेपर तिथून नर्सकडे, मग औषधाच्या खिडकीवर जातो. संध्याकाळपर्यंत बातमी डॉक्टर्स रूममध्ये पोचलेली असते. म्हणून तो जातच नाही. झोपेची गोळी स्वतःच लिहून घेतो, नाहीतर एखाद्या मित्राला जिन्यात गाठून ‘जरा बघ रे’ म्हणतो. अशा सल्ल्यात नीट तपासणी नसते, नोंद नसते, फेरतपासणीही नसते. विद्यार्थ्याची पंचाईत आणखी मोठी : ज्यांच्याकडे उपचाराला जायचं, तेच उद्या तोंडी परीक्षेला समोर बसणार.

हा प्रश्न आधी व्यसनांच्या अंगाने पुढे आला. १९७३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मानसिक आरोग्य समितीने आजारी डॉक्टरांवर अहवाल काढला आणि त्यानंतर तिथल्या राज्याराज्यांत ‘फिजिशियन हेल्थ प्रोग्रॅम’, म्हणजे आजारी डॉक्टरांसाठीचे मदत-कार्यक्रम, उभे राहिले. व्यवहार रोखठोक होता. स्वतःहून या, सहसा ५ वर्षांचा करार करा, लघवीची केव्हाही होणारी तपासणी मान्य करा. करार पाळलात तर बऱ्याच ठिकाणी नाव परवाना मंडळाकडे जात नसे. व्यसनापुरतं हे चाललं. १६ कार्यक्रमांतल्या ९०४ डॉक्टरांच्या अभ्यासात ५ वर्षांनंतर, ज्यांची माहिती मिळाली त्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त जण परवाना टिकवून कामावर होते. पण नैराश्यात असलेल्या रेसिडेंटला (निवासी डॉक्टरला) लघवीची बाटली काय कामाची? पहारेकऱ्याकडे कुणी मन मोकळं करत नाही.

युरोपने वेगळी वाट धरली. १९९८ मध्ये बार्सिलोनात सुरू झालेल्या कार्यक्रमात डॉक्टरला दाखल होताना दुसरं नाव दिलं जाऊ लागलं. त्याच वर्षी नॉर्वेत ‘व्हिला साना’ सुरू झालं : एका दिवसाचं समुपदेशन किंवा आठवड्याचा गट-अभ्यासक्रम, आणि वैद्यकीय नोंद मुळीच नाही. फायली कुलपात ठेवण्यापेक्षा फाईलच न करणं, ही युक्ती आम्हाला जास्त शहाणपणाची वाटते. मात्र औषधोपचार लागणार असतील तर ती अपुरी पडते.

लंडनमध्ये २००० साली एका तरुण मानसोपचारतज्ज्ञ महिलेचा आणि तिच्या तान्ह्या मुलीचा मृत्यू झाला. कलंकाच्या भीतीने तिने आजार लपवला होता. चौकशीनंतर २००८ मध्ये लंडनमधले डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्यासाठी स्वतंत्र सेवा सुरू झाली. वरिष्ठांच्या चिठ्ठीशिवाय थेट जाता येईल अशी. २०१९ मध्ये ती इंग्लंडभरच्या डॉक्टरांना खुली झाली.

सेवा चांगली असूनही माणसं अडतात ती परवान्याच्या अर्जापाशी. ‘कधी मानसिक आजार झाला होता का?’ असा प्रश्न असेल, तर दहा वर्षांपूर्वी बरा झालेला आजारही लिहावा लागतो. म्हणून अमेरिकेतल्या, डॉक्टरांना परवाना देणाऱ्या राज्य मंडळांच्या महासंघाने २०१८ मध्ये शिफारस केली की विचारायचंच असेल तर आज कामावर परिणाम करणाऱ्या आजारापुरतंच विचारा. ऑस्ट्रेलियात, आपल्याकडे उपचाराला आलेल्या डॉक्टरबद्दल नियामकांना कळवण्याची उपचार करणाऱ्यावरची सक्ती २०२० मध्ये सैल झाली.

गोपनीयता कुठेच बिनशर्त नसते. रुग्णांना किंवा स्वतःला गंभीर धोका दिसला, तर ती मोडली जाते. म्हणून पहिल्याच फोनवर, नाव सांगण्याआधी, तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : नोंद कुठे राहते, ती कोण उघडू शकतं, आणि कोणत्या स्थितीत कुणाला कळवलं जातं. विद्यार्थ्याने चौथीही विचारावी : समुपदेशक कॉलेजच्या परीक्षक मंडळावर आहे का?