विस्तव, धातू आणि स्वयंपाकाची भांडी

स्वयंपाकाच्या भांड्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. भांड्याचा आकार बहुतेक वेळा त्याच्याखालच्या विस्तवाने ठरवला, आणि ते कशाचे घडवायचे हे मात्र अनेकदा स्वयंपाकघराशी संबंध नसलेल्या उद्योगांनी ठरवले.

चीनमधील जियांगशी प्रांतातल्या श्यानरेनदोंग गुहेत सापडलेली खापरे सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची, म्हणजे शेतीच्याही कितीतरी आधीची आहेत. जपानमधील जोमोन या प्रागैतिहासिक काळातल्या खापरांना चिकटलेल्या जळक्या थरांची रासायनिक तपासणी केली असता त्यांत मासे शिजवल्याच्या खुणा आढळल्या. मातीचे भांडे एकीकडून जास्त तापले की तडकते. म्हणून कुंभारांनी मातीत वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा मिसळला, आणि कोपरे नसलेला गोल किंवा निमुळता बुडाचा आकार पसंत केला. असे भांडे निखाऱ्यांत रुतवून उभे करता येई आणि त्याला चहूबाजूंनी आच लागे.

धातूची भांडी आली तेव्हाही उघड्या विस्तवाचे हे बंधन सुटले नाही. युरोपातील बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, हंड्यांना तीन पाय असत किंवा ते साखळीने जाळावर टांगलेले असत. आज ज्याला आपण साधे, सपाट बुडाचे पातेले म्हणतो, त्याचा प्रसार तिथे बऱ्याच उशिरा झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड यांनी जाळ बंदिस्त करून वर भांडी ठेवण्यासाठी भोके असलेल्या चुली बांधल्या. पुढे लोखंडी पत्र्याच्या शेगड्या आणि त्यानंतर गॅस आला, तसे भांड्यांचे पाय निरुपयोगी ठरले आणि बूड सपाट झाले.

बिडाच्या बाबतीत मात्र नेहमीची दिशा उलटी झालेली दिसते: आधी भांडी, मग इतर उद्योग. चीनमध्ये ओतीव लोखंड ख्रिस्तपूर्व काळापासून माहीत होते. इंग्लंडमध्ये एब्राहम डार्बी यांनी वाळूच्या साच्यांत बिडाची पातळ भांडी ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट १७०७ मध्ये घेतले आणि १७०९ मध्ये कोलब्रुकडेल येथे लोणारी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर लोखंड गाळले. या भट्ट्यांचे पहिले महत्त्वाचे उत्पादन भांडी हेच होते. वाफेच्या इंजिनांचे सिलिंडर तिथे नंतर ओतले गेले. औद्योगिक क्रांतीच्या वर्णनांत हंड्यांना फारशी जागा मिळत नाही, हे थोडे अन्यायाचेच आहे.

तांबे उष्णता उत्तम वाहून नेते, पण आंबट पदार्थांत विरघळून ते विषारी क्षार तयार करते. त्यावरचा जुना उपाय म्हणजे कल्हई, अर्थात कथलाचा पातळ मुलामा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कोरडे भांडे जाळावर राहिले तर कल्हई जाते, आणि घासूनही ती हळूहळू झिजते. या कायमच्या कटकटीमुळे नव्या धातूंना वाव मिळाला.

ॲल्युमिनियम १८२५ मध्ये हान्स क्रिश्चन अर्स्टेड यांनी प्रथम वेगळे केले, पण ते अनेक दशके मौल्यवान धातूंच्या पंक्तीत राहिले. १८८६ मध्ये चार्ल्स मार्टिन हॉल आणि पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने ते मिळवण्याची पद्धत शोधली. त्यानंतर ते इतके स्वस्त झाले की साध्या पातेल्यासाठीही परवडू लागले. स्टेनलेस स्टीलची कथा शस्त्रांच्या कारखान्यांशी जोडलेली आहे. बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली प्रयोग करत होते. १९१३ मध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियम मिसळलेले त्यांचे पोलाद गंजत नाही असे दिसले आणि त्यांना सुऱ्यांचा उपयोग सुचला. साधारण त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीच्या संशोधकांनी निकेलही घातलेले पोलाद तयार केले, आणि आजची बहुतेक स्टीलची भांडी त्याच कुळातली आहेत. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अदृश्य थर बनतो आणि ओरखडा उठला तरी तो पुन्हा जमतो. कल्हईला जे कधी साधले नाही ते इथे आपोआप होते. मात्र उष्णता वाहून नेण्यात तांबे या स्टीलपेक्षा वीस पटींहून सरस आहे. म्हणूनच पातळ स्टीलच्या भांड्यात अन्न एका जागी करपते आणि बुडाला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा थर द्यावा लागतो.

न चिकटणारा तवाही असाच आडवाटेने आला. १९३८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत रॉय प्लंकेट शीतकरणाच्या वायूंवर काम करत असताना एका नळकांड्यातल्या वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्याची पांढरी, गुळगुळीत भुकटी झालेली आढळली. हेच टेफ्लॉन. १९५४ च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार यांनी हा पदार्थ ॲल्युमिनियमवर बसवण्यात यश मिळवले. हा पदार्थ बनवताना पूर्वी वापरल्या जाणाऱ्या पीएफओए या चिवट रसायनावर २०१९ मध्ये अशा प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराखाली जागतिक निर्बंध आले.

इंडक्शन शेगडीने पुन्हा एकदा विस्तवाच्या बाजूने अट घातली. इथे उष्णता भांड्याच्या बुडातच निर्माण होते आणि त्यासाठी बूड लोहचुंबकीय असावे लागते. निकेलयुक्त स्टीलवर चुंबक सहसा चिकटत नाही, ॲल्युमिनियम व तांब्यावर तर मुळीच नाही. त्यामुळे या तिन्ही प्रकारच्या भांड्यांच्या तळाला आता चुंबकीय पोलादाची चकती जोडली जाते.