जुन्या गाडीत जांभळं ब्रेक ऑइल टाकावं का?

अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, जुनी जीप घेऊन येणारे बरेच जण हल्ली म्हणतात, "भाऊ, ते रंग न खाणारं जांभळं ऑइल टाकून द्या." म्हणजे डॉट ५ (डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा), सिलिकॉनचं. आमचं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असतं. का, ते निवांत वाचता यावं म्हणून हा कागद.

तुमच्या गाडीत आज बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ असेल. दोन्ही ग्लायकॉलची, हवेतला ओलावा ओढणारी. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती हमी १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला की चाकांतले ब्रेकचे ड्रम तापतात, व्हील सिलिंडरमधलं (चाकापाशी ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्यातलं) ऑइल उकळतं, पाय नुसती वाफ दाबतो आणि पेडल फळीला टेकतं. खाली येऊन चहा होईतो गाडी थंड होते, पेडल वर येतं, आणि मालक म्हणतो "आता ठीक आहे." ठीक नसतं. ऑइलात पाणी आहे, बदलायलाच हवं. (आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा, ऑइल कोणतंही असो.)

सिलिकॉन पाणी ओढत नाही, रंग खराब करत नाही, नवं असताना २६० अंशांपर्यंत उकळत नाही. खरं आहे. पण पावसाळ्यात आत शिरलेलं पाणी त्यात मिसळत नसल्याने थेंब होऊन सिलिंडरच्या तळाशी बसतं, तिथेच गंज धरतं आणि १०० अंशांनाच उकळतं. शिवाय सिलिकॉन हवेचे बारीक बुडबुडे धरून ठेवतं, पेडल मऊ लागतं. सगळ्यात मोठी अडचण रस्त्यावरची: वाटेत ऑइल कमी झालं तर गावच्या दुकानात डॉट ३ नाहीतर ४ च मिळणार, आणि ते सिलिकॉनमध्ये मिसळत नाही.

गाडी वर्षभर शेडमध्ये झाकून, फक्त लग्नाच्या वरातीला काढायची असेल तर सिलिकॉनचा विचार करू. मात्र जुनं काढून नवं ओतलं, इतक्यावर भागत नाही. मास्टर (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) आणि व्हील सिलिंडर उघडायचे, पाइप स्पिरिटने धुऊन हवेने कोरडे करायचे, सगळे रबर आणि होज नवे टाकायचे. डबा हलवायचा नाही, ऑइल सावकाश ओतायचं. काही दिवसांनी पुन्हा एअर (पाइपात अडकलेली हवा) काढायला यावं लागतं.

डबा स्वतः आणणार असाल तर नंबर नीट वाचा. डॉट ५.१ हे सिलिकॉन नाही, ग्लायकॉलच आहे. एका टिंबाचा फरक, पण त्यावर सगळं काम फुकट जातं.

चालत्या गाडीसाठी आमचा सल्ला डॉट ४. डॉट ३ सोबत ते चालतं, तरी आम्ही वरून भर घालत नाही. जुनं पूर्ण काढून, मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करून एअर काढतो. दर दोन वर्षांनी, पावसाळा सरल्यावर. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका. उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या वर्षी वापरू नका.

एका जीपमध्ये कुणीतरी इंजिन ऑइल टाकलं होतं. मास्टरचे रबर फुगले, ऑइल परत फिरायची वाट बंद झाली, चारही चाकं जाम. पाइपपासून सगळं बदलावं लागलं. शंका असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दोन थेंब टाकून पाहा: ग्लायकॉलचं विरघळतं, इंजिन ऑइल आणि सिलिकॉन वर तरंगतात.

पेडल खाली जातं म्हणून येणाऱ्या कित्येक गाड्यांना तर नुसते लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) अ‍ॅडजस्ट करावे लागतात. ते आधी बघू, ऑइलचं नंतर. गाडी सकाळीच आणा. चारही ड्रम उघडायचे तर संध्याकाळ होते.