न्यू हॅम्पशायरमधील काँग्रेस निवडणुका

अमेरिकेच्या ईशान्य टोकाकडील न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्यातून देशाच्या संसदेवर सदस्य पाठवण्यासाठी होणाऱ्या निवडणुका. काँग्रेस म्हणजे येथे पक्ष नव्हे. प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन सभागृहांच्या अमेरिकी संसदेचे ते नाव आहे. राज्याचे क्षेत्रफळ सुमारे २४,२०० चौ. किमी. असून २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३,७७,५२९ होती. एवढ्या लोकसंख्येला प्रतिनिधिगृहात दोन जागा मिळतात. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला, लहान असो वा मोठे, दोनच जागा असल्याने तेथे मात्र न्यू हॅम्पशायर कॅलिफोर्नियाच्या बरोबरीने बसते. संसदेत चारच माणसे पाठवणाऱ्या या राज्याच्या निकालांकडे सारा देश डोळे लावून बसतो, कारण येथील मतदार कोणत्याही पक्षाला गृहीत धरू देत नाही आणि हार-जीत कधी कधी बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी ठरते.

प्रतिनिधिगृहाचा सदस्य दोन वर्षांसाठी निवडला जातो, सिनेटर सहा वर्षांसाठी. सिनेटर पूर्वी राज्याच्या विधिमंडळातून निवडले जात, म्हणजे आपल्याकडे राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात तसेच. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीनंतर ते थेट लोकांच्या मतांनी निवडले जाऊ लागले. प्रतिनिधिगृहातील राज्याच्या जागा मात्र कमी होत गेल्या. १८१० च्या जनगणनेनंतर येथून सहा प्रतिनिधी जात. पश्चिमेकडे देश वाढत गेला, तशी या डोंगराळ राज्याची वाटणी आक्रसत गेली आणि १८८३ पासून दोनच जागा उरल्या. नामवंत वक्ते डॅनियल वेब्स्टर १८१३ ते १८१७ या काळात येथूनच प्रतिनिधिगृहात होते. या राज्याने देशाला दिलेले एकमेव राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पीअर्स यांनी दोन्ही सभागृहांत काम केले होते.

एकोणिसाव्या शतकात येथे मतदान मार्चमध्ये होई, बर्फ पुरते वितळण्याआधी. वर्षातला पहिला कौल येथून मिळत असल्याने दोन्ही पक्ष या निवडणुकीत जीव ओतत. नोव्हेंबरमधील मतदानाची पद्धत १८७८ मध्ये आली.

दोन मतदारसंघ

पहिल्या मतदारसंघात राज्याचा पूर्व भाग येतो. मँचेस्टर हे सर्वांत मोठे शहर, पोर्ट्समथ आणि अटलांटिकचा छोटासा किनारा, तसेच सरोवरांचा प्रदेश त्यात मोडतो. दुसरा मतदारसंघ पश्चिमेकडचा. नॅशुआ, राजधानी काँकर्ड, कीन, डार्टमथ कॉलेजचे हॅनोव्हर आणि कॅनडाच्या सीमेपर्यंतचा विरळ वस्तीचा उत्तर भाग त्यात आहे. या दोहोंमधील रेषा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून फारशी हललेली नाही, आणि अमेरिकेत हे नवल आहे. तेथे दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर सीमा नव्याने आखतात. बहुतेक राज्यांत ते काम विधिमंडळातील बहुमताच्या हाती असते आणि तो पक्ष आपल्या सोयीने रेषा वाकवतो.

२०२२ मध्ये येथेही तसे घडू पाहत होते. विधिमंडळ रिपब्लिकन पक्षाच्या हाती होते. त्याने पहिला मतदारसंघ आपल्याला पक्का होईल आणि दुसरा डेमोक्रॅटिक पक्षाला पक्का होईल असा नकाशा तयार केला. गव्हर्नर (राज्य सरकारचा, लोकांनी थेट निवडलेला प्रमुख) क्रिस सुनुनू त्याच पक्षाचे असूनही त्यांनी तो नाकारला, आणि नंतर आलेला दुसरा नकाशाही नाकारला. अखेर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाने जुन्या रेषेत शक्य तेवढा कमी बदल करून नकाशा दिला. फक्त पाच लहान गावे इकडची तिकडे गेली. दोन्ही मतदारसंघांत चुरस टिकून राहिली ती या निर्णयामुळे. आपल्याच पक्षाचा हमखास फायदा नाकारणारा गव्हर्नर अलीकडच्या अमेरिकी राजकारणात विरळाच म्हणावा लागेल.

मतदार आणि मतदान

येथील नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे चाळीस टक्के कोणत्याच पक्षात नाव घालत नाहीत. नोंदणीत त्यांना ‘अघोषित’ म्हणतात. उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या दिवशी अशा मतदाराला कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते आणि मत देऊन झाल्यावर त्याच केंद्रावर पुन्हा ‘अघोषित’ होता येते. त्यामुळे केवळ कट्टर कार्यकर्त्यांना खूश करून उमेदवारी मिळवणे दोन्ही पक्षांत अवघड जाते.

संसदेसाठीची प्राथमिक निवडणूक राज्यात पूर्वापार सप्टेंबरमध्ये होत आली आहे. २०२४ मध्ये ती १० सप्टेंबरला झाली आणि अंतिम मतदान ५ नोव्हेंबरला. पक्षांतर्गत झुंजीत पैसा आणि दम संपवलेल्या उमेदवाराला सावरायला जेमतेम आठ आठवडे मिळतात. तोवर पदावर असलेला प्रतिनिधी निवांतपणे निधी गोळा करत असतो. पदावर नसलेल्यांवर हा अन्याय आहे, असे या वेळापत्रकाकडे पाहून वाटल्याशिवाय राहत नाही.

मतदान कागदी मतपत्रिकेवर होते. मोठ्या गावांत यंत्राने आणि कित्येक लहान गावांत अजूनही हातांनी मोजणी होते. केंद्राचा प्रमुख ‘मॉडरेटर’ गावकऱ्यांनीच निवडलेला असतो. मतदानाच्याच दिवशी केंद्रावर नाव नोंदवण्याची सोय १९९६ पासून आहे. २०२४ मध्ये झालेल्या कायद्याने मात्र नव्याने नोंदणी करणाऱ्याला नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा द्यावा लागतो. शंभरापेक्षा कमी मतदार असलेल्या वस्तीला मध्यरात्रीच केंद्र उघडून, सगळ्यांचे मत पडले की बंद करता येते. उत्तरेकडील डिक्सव्हिल नॉच येथे १९६० पासून ही प्रथा आहे. अध्यक्षपदाच्या मतांमुळे या वस्तीचे नाव गाजते, पण त्याच मतपत्रिकेवर संसदेचे उमेदवारही असतात.

प्रचाराचा खर्च राज्याच्या आकाराच्या मानाने फार मोठा असतो. दक्षिणेकडचा दाट वस्तीचा भाग बोस्टनच्या दूरचित्रवाणी वाहिन्या पाहतो. त्यामुळे मूठभर मतदारांपर्यंत पोहोचण्यासाठी उमेदवाराला अर्ध्या मॅसॅच्युसेट्सला ऐकू जाईल एवढी जाहिरात विकत घ्यावी लागते. राजकीय भूगोलही बाहेरच्यांचा अंदाज चुकवणारा आहे. मॅसॅच्युसेट्स डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला, तेव्हा तेथून आलेली माणसे तीच मते घेऊन येत असतील असे वाटते. प्रत्यक्षात सीमेलगतच्या सेलम, डेरी, लंडनडेरी या गावांचा कल रिपब्लिकन पक्षाकडे आहे. राज्यात पगारावर प्राप्तिकर नाही आणि विक्रीकरही नाही. करांच्या ओझ्यातून सुटण्यासाठी सीमा ओलांडणारी कुटुंबे येथे येतात, ती त्यांच्या त्या मतांसह. डेमोक्रॅटिक पक्षाची ताकद हॅनोव्हर, कीन, डरहॅम अशा विद्यापीठांच्या गावांत आणि पोर्ट्समथ व काँकर्डमध्ये आहे.

दोन मतांची निवडणूक

अमेरिकी सिनेटच्या इतिहासातील सर्वांत निकराची लढत ५ नोव्हेंबर १९७४ रोजी येथे झाली. नॉरिस कॉटन हे रिपब्लिकन सिनेटर निवृत्त होत होते. त्यांच्या जागेसाठी पहिल्या मतदारसंघाचे रिपब्लिकन प्रतिनिधी लुई वायमन आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन डर्किन उभे होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणामुळे त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाविरुद्ध देशभर लाट होती, तरी पहिल्या मोजणीत वायमन ३५५ मतांनी पुढे राहिले. डर्किन यांनी फेरमोजणी मागितली. ती झाली आणि डर्किन १० मतांनी पुढे गेले. गव्हर्नरांनी त्यांना निवडीचे प्रमाणपत्रही दिले. आता वायमन राज्याच्या मतपत्रिका आयोगाकडे गेले. आयोगाने वादातील मतपत्रिका पुन्हा पाहिल्या आणि आकडा निघाला: वायमन १,१०,९२६, डर्किन १,१०,९२४. डर्किन यांचे प्रमाणपत्र रद्द होऊन ते वायमन यांना मिळाले.

आपल्या सदस्याच्या निवडीचा अंतिम निर्णय सभागृहानेच करायचा, असे अमेरिकी राज्यघटना सांगते. डर्किन यांनी तेथे दाद मागितली. सुमारे साडेतीन हजार मतपत्रिका वॉशिंग्टनला नेण्यात आल्या आणि सिनेटच्या समितीने त्या एकेक करून तपासल्या. एखादी खूण चौकटीच्या आत आहे की बाहेर, खोडलेले मत धरायचे की नाही, यावर अनुभवी सिनेटर तासन्‌तास बोलत राहिले. समितीला सुटेना म्हणून ३५ वादग्रस्त मुद्दे पूर्ण सभागृहापुढे आले. बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, पण रिपब्लिकन सदस्यांनी चर्चा संपू दिली नाही. चर्चा आवरती घेण्याचे सहा प्रयत्न फसले. सहा आठवड्यांत ३५ पैकी एकच मुद्दा निकालात निघाला. इकडे न्यू हॅम्पशायरची दुसरी खुर्ची रिकामीच होती.

कोंडी फुटली ती उमेदवारांच्याच समजुतीने. नव्याने मतदान घ्यावे असे वायमन यांनी सुचवले आणि जुलै १९७५ च्या अखेरीस डर्किन त्याला राजी झाले. सिनेटने ८ ऑगस्टपासून जागा रिक्त झाल्याचे जाहीर केले. मधल्या काळासाठी निवृत्त कॉटन यांनाच पुन्हा बसवण्यात आले. १६ सप्टेंबरच्या पोटनिवडणुकीत स्वतः राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड वायमन यांच्या प्रचाराला आले होते, तरी डर्किन २७ हजारांवर मताधिक्याने निवडून आले. दहा महिने वकील आणि समित्या ज्या प्रश्नाभोवती घुटमळत होत्या, तो मतदारांनी एका दिवसात सोडवला. हा मार्ग आधीच धरला असता तर राज्याचे सिनेटमधील अर्धे प्रतिनिधित्व इतके दिवस रिकामे राहिले नसते.

या प्रकरणाने मतमोजणीबद्दल राज्यात एक काटेकोरपणा रुजवला. १९७६ मध्ये राज्यसचिव (निवडणुकांचा कारभार पाहणारा अधिकारी) झालेले विल्यम गार्डनर २०२२ पर्यंत त्या पदावर होते. त्यांच्या काळात फेरमोजण्या उमेदवारांच्या माणसांसमोर, प्रत्येक कागद डोळ्यांनी पाहून होत. आजही काँकर्डमध्ये हीच रीत चालू आहे.

रिपब्लिकन गडापासून चुरशीच्या रणापर्यंत

यादवी युद्धानंतर शंभरावर वर्षे हे राज्य बहुतांशी रिपब्लिकन पक्षामागे उभे होते. मँचेस्टरच्या कापड गिरण्यांत आलेल्या फ्रेंच-कॅनेडियन कामगारांत डेमोक्रॅटिक पक्षाला आधार होता. त्या समाजातील नॉर्मन डी’आमूर यांनी १९७५ ते १९८५ पहिला मतदारसंघ राखलाही, पण असे यश अपवादात्मक होते. खरा उलटफेर २००६ मध्ये झाला. इराक युद्धाविरुद्धच्या रोषात दोन्ही जागा एकाच दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेल्या. पहिल्या मतदारसंघात कॅरल शिया-पोर्टर यांनी तुटपुंज्या पैशांवर, आधी स्वपक्षातील विधिमंडळ नेत्याला आणि मग विद्यमान प्रतिनिधी जेब ब्रॅडली यांना हरवले.

त्यानंतर हा मतदारसंघ लंबकासारखा हलला. २०१० मध्ये मँचेस्टरचे माजी महापौर फ्रँक गिंटा यांनी शिया-पोर्टर यांना पाडले. २०१२ मध्ये त्यांनी गिंटांना, २०१४ मध्ये गिंटांनी त्यांना आणि २०१६ मध्ये पुन्हा त्यांनी गिंटांना. अध्यक्षपदाच्या वर्षी मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडत आणि शिया-पोर्टर जिंकत. मधल्या वर्षी मतदान घटे आणि गिंटा जिंकत. दुसऱ्या मतदारसंघातही चार्ल्स बास, पॉल होड्स, पुन्हा बास आणि मग ॲन कस्टर असे फेरफार झाले. जानेवारी २०१३ मध्ये दोन्ही प्रतिनिधी, दोन्ही सिनेटर आणि गव्हर्नर अशा पाचही जागी स्त्रिया होत्या. देशात असे पहिल्यांदाच घडले.

त्यांतील जीन शाहीन या गव्हर्नर आणि सिनेटर अशा दोन्ही पदांवर निवडून आलेल्या अमेरिकेतील पहिल्या स्त्री. २००२ मध्ये मात्र जॉन ई. सुनुनू यांच्याकडून त्या हरल्या होत्या. त्या दिवशी सकाळी मतदारांना केंद्रावर नेण्यासाठी चालवलेल्या डेमोक्रॅटिक कार्यालयांच्या आणि अग्निशमन दलाच्या कामगार संघटनेच्या फोनवर सतत खोटे कॉल करून ते बंद पाडण्यात आले. या कटाबद्दल राज्यातील रिपब्लिकन पक्षाच्या कार्यकारी संचालकाने पुढे गुन्हा कबूल केला. फरक सुमारे वीस हजारांचा असल्याने निकाल त्यामुळेच फिरला असे म्हणता येत नाही, पण मतदाराची वाट अडवण्याचा तो नीच प्रकार होता. २००८ मध्ये शाहीन यांनी सुनुनूंना हरवले आणि २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून येऊन उभे राहिलेल्या स्कॉट ब्राउन यांनाही.

२०१६ मध्ये गव्हर्नर मॅगी हसन यांनी सिनेटर केली एयॉट यांचा १,०१७ मतांनी पराभव केला: ३,५४,६४९ विरुद्ध ३,५३,६३२. आणखी एका पुराणमतवादी अपक्षाने १७ हजारांवर मते नेली होती. त्याच दिवशी हिलरी क्लिंटन यांनी राज्य जिंकले तेही २,७३६ मतांनीच. तेव्हापासून संसदेतील चारही जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहेत, आणि त्याच वेळी गव्हर्नरपद सलग रिपब्लिकन पक्षाकडे. २०२४ मध्ये अध्यक्षपदासाठी कमला हॅरिस यांना आणि प्रतिनिधिगृहासाठी क्रिस पापास व मॅगी गुडलँडर यांना कौल देणाऱ्या राज्याने त्याच मतपत्रिकेवर, २०१६ मध्ये हरलेल्या एयॉट यांना गव्हर्नर केले आणि विधिमंडळही त्यांच्याच पक्षाकडे दिले. वॉशिंग्टनला एक पक्ष आणि घरचा कारभार दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे. मँचेस्टरमधील घरच्या उपाहारगृहातून आणि चारशे सदस्यांच्या, वर्षाला शंभर डॉलर मानधन देणाऱ्या राज्य प्रतिनिधिगृहातून पुढे आलेल्या पापास यांच्यासारखा ओळखीचा चेहरा येथे पक्षाच्या चिन्हाइतकाच चालतो.

मार्च २०२५ मध्ये शाहीन यांनी २०२६ ची निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात पापास त्यांच्या जागेसाठी उतरले, आणि लंबकासारखा हलणारा पहिला मतदारसंघ २०१८ नंतर प्रथमच विद्यमान प्रतिनिधीविना मोकळा झाला.