चीनची भिंत चंद्रावरून दिसते का?

‘चीनची भिंत चंद्रावरून साध्या डोळ्यांनी दिसते,’ हा दावा माणूस अवकाशात जाण्याच्याही आधीपासून फिरतो आहे. एवढी लांब भिंत दिसणारच, असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण इथे लांबीपेक्षा रुंदी महत्त्वाची. बीजिंगजवळच्या बादालिंगला, म्हणजे पर्यटक जातात तिथे, भिंत वरच्या बाजूला जेमतेम 5-6 मीटर रुंद आहे. निरोगी डोळ्याला एखादी वस्तू साधारण तिच्या रुंदीच्या 3400 पट अंतरापर्यंत नीट ओळखता येते. 6 मीटर गुणिले 3400, म्हणजे सुमारे 20 किलोमीटर. चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे! तिथून भिंत बघणं म्हणजे चार किलोमीटरवरचा केस बघणं.

400 किलोमीटरवरच्या कक्षेतूनही ती साध्या डोळ्यांना सहसा सापडत नाही. गडद पृष्ठभागावरची ठळक, बारीक रेघ कधीकधी या हिशेबापलीकडूनही दिसते. पण ही भिंत आसपासच्याच दगडमातीची, म्हणून रंगही तोच. पश्चिमेला गान्सू प्रांतात तर ती बरीचशी ठोकलेल्या मातीचीच आहे. ताकदवान लेन्सने फोटो निघतात, ती गोष्ट वेगळी.

पडताळायचं असेल तर उपग्रह नकाशात बादालिंग उघडा आणि हळूहळू झूम आउट करा. भिंत डोंगरधारेत मिसळते तेव्हा कोपऱ्यातली मोजपट्टी बघा.