पन्नास रुपये दरमहा : धर्मानंद कोसंबी आणि बडोदे

पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे गोव्यातून बाहेर पडणे, काशीतली अन्नछत्रे, नेपाळ, १९०२ साली सिंहलद्वीपात (श्रीलंकेत) घेतलेली बौद्ध दीक्षा हे सारे वाचकांना ठाऊक आहे. बडोद्यापुरते बोलायचे तर सुरुवात कलकत्त्यापासून करावी लागते. तिथे पाली शिकवत असताना त्यांची बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी भेट झाली आणि पुढे बडोद्याहून तार गेली. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरी राहिलात तर तीन वर्षे दरमहा ५० रुपये मिळतील, मात्र दर वर्षाअखेर संस्थानासाठी एक पुस्तक लिहून द्यावे लागेल. कलकत्त्याचे विद्यापीठ २५० द्यायला तयार होते. त्यांनी पन्नास घेतले.

हा प्रसंग नेहमी त्याग म्हणून सांगतात. मला तो तसा वाटत नाही. मिळवलेली विद्या आपल्या माणसांपर्यंत न्यायची ही त्यांची जुनी तळमळ, आणि तिला पुरेल एवढी सोय तारेने करून दिली.

खरी गुंतागुंत 'महाराष्ट्र' या शब्दात आहे. त्या नावाचा प्रांत तेव्हा नकाशावर नव्हता. मराठी मुलूख मुंबई इलाखा, निजामाचे हैदराबाद संस्थान आणि मध्य प्रांत यांत वाटलेला. दरबार मराठी असला तरी बडोदे गुजरातेत, म्हणजे अट शब्दशः धरली तर खुद्द बडोद्यात राहून ती पुरी होत नव्हती! कोसंबी राहिले मुंबई-पुण्याकडे. पैसा मात्र कडी-पेटलादच्या, म्हणजे संस्थानातल्या गुजराती मुलखाच्या, शेतसाऱ्यातला. आम्ही बडोदेकर मराठी माणसे या गोष्टीचा अभिमान मिरवतो, तेव्हा सारा भरणाऱ्याची आठवण क्वचितच काढतो. बडोद्याच्या वाट्याला आली ती व्याख्याने. १९१० चे 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक त्यांतूनच झाले.

त्याच वर्षी ते 'विसुद्धिमग्ग' या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेला गेले आणि दोन वर्षांनी श्रेयाच्या वादावरून परतले. १९१३ मध्ये बडोद्याच्या याच खजिन्यातून आणखी एक मराठी तरुण, भीमराव आंबेडकर, अमेरिकेत शिकायला गेला. पुढे बडोद्यात त्याला राहायला जागा मिळाली नाही, ती कथा बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवर, म्हणजे त्याच्या स्मारकावर, सगळ्यांना ठाऊक आहे.

'विसुद्धिमग्ग'साठी कोसंबींना अमेरिकेच्या आणखी फेऱ्या कराव्या लागल्या. मधल्या काळात रशियातले लेनिनग्राडही झाले. ग्रंथाची देवनागरी लिपीतली आवृत्ती मुंबईत १९४० साली निघाली. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला. अमेरिकेतली प्रत छापून आली १९५० मध्ये, आणि तोवर बडोदे संस्थानही मुंबई राज्यात विलीन झाले होते.